‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

(वाचकांनी पाठवलेले लिनक्स डेस्कटॉप आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या आठवणी मागच्या लेखात दिल्या होत्या. त्यावर ‘एक जुना सिसॅडमिन’ या नावाने सणसणीत प्रतिक्रिया आली. तिचा गोषवारा असा : डेस्कटॉप नटवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, काम करणारा माणूस समोर येईल ते मुकाट वापरतो, सगळ्यांचे स्क्रीनशॉट एकाच छापाचे, आणि जुन्या दिवसांचे कढ कशाला, तेव्हा साधा आवाज यायची मारामार होती. जाता जाता त्यांनी हेही लिहिलं की ते स्वतः कित्येक वर्षं एफव्हीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा प्रोग्राम, वापरतात आणि एकदा लिहिलेल्या कॉन्फिग फाइलला, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलला, त्यांनी पुन्हा हात लावलेला नाही. उत्तर लांबलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय.)

नमस्कार साहेब,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्या प्रतिक्रियेत मला तेच जास्त आवडलं. एफव्हीडब्ल्यूएम काही ‘समोर येईल ते’ नव्हे हो! १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांनी टीडब्ल्यूएम या जुन्या विंडो मॅनेजरचा कोड घेऊन, मेमरी कमी खावी म्हणून तो बांधला. आज उबुंटू किंवा फेडोरासारखा डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) टाकल्यावर तो आपण होऊन कुणाच्या समोर येत नाही, शोधून बसवावा लागतो. पेजर (आभासी डेस्कटॉपांचा छोटा नकाशा) कुठल्या कोपऱ्यात, उजव्या क्लिकला कुठला मेनू, फोकस नुसता माऊस नेल्यावर जावा की क्लिक केल्यावर, हे सगळं तुम्ही कधीतरी बसून ओळीओळीने लिहिलंत. आताची पोरं यालाच ‘राइसिंग’ म्हणतात. त्यांनी केलं की रिकामटेकडेपणा आणि तुम्ही केलं की काम, हे काही पटलं नाही.

आणि ‘येईल ते वापरावं’ म्हणणाऱ्यांचं काय झालं ते तुम्हीही पाहिलंय. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप आला, त्याच महिन्यात उबुंटू ११.०४ मध्ये युनिटी हा दुसरा आला. जे मुकाट वापरत होते त्यांचा खालचा पॅनेल गेला, मेनू गेला, ग्नोममध्ये तर खिडकी खाली पाठवायचं बटणसुद्धा गायब झालं. वैतागलेल्या लोकांनी जुन्या ग्नोम २ चा कोड उचलून माते हा डेस्कटॉप उभा केला. पुढे १७.१० या आवृत्तीत उबुंटूने युनिटीही गुंडाळून ठेवला आणि तीच मंडळी पुन्हा ग्नोमकडे हाकलली गेली. या सगळ्या धामधुमीत तुमची फाइल जशीच्या तशी चालत राहिली. का? तर ती तुमची होती, डिस्ट्रोची नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुमच्याच अनुभवातून निघतं.

आता आठवणींबद्दल. आवाजाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. विनमोडेमबद्दल (विंडोजच्या ड्रायव्हरवर विसंबून असलेले मोडेम) तर बोलायलाच नको. पडदा जुळवायच्या एक्सएफ८६कॉन्फिग या प्रोग्राममध्ये मॉनिटरच्या मॅन्युअलमधून आडव्या-उभ्या सिंकचे आकडे उतरवून घालायचे, आणि आकडा चुकला तर मॉनिटर बिघडू शकतो अशी ताकीद तिथेच लिहिलेली. ते दिवस परत यावेत असं कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही, मला तर नाहीच नाही. लोकांनी पाठवलेल्या आठवणी त्या हालांच्या नाहीत पण. बहुतेकांनी थोड्याफार फरकाने एकच क्षण लिहिलाय, तो जरा सविस्तर सांगतो.

तेव्हा विंडो मॅनेजरशिवाय नुसता एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारी मूळ यंत्रणा) सुरू केलात की बारीक ठिपक्यांचा राखाडी पडदा आणि मधोमध काळ्या फुलीचा कर्सर, बस. त्यात एक्सटर्म, म्हणजे हुकूम टाइप करायचा टर्मिनल, उघडला तर तो वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटून बसतो. त्याला ना कड, ना शीर्षकपट्टी, ना बंद करायचं बटण. धरून ओढायचं म्हटलं तर धरायला जागाच नाही. त्याच टर्मिनलात टीडब्ल्यूएम टाइप करून एंटर मारलं की क्षणात त्याच खिडकीला पट्टी येते. पुढची खिडकी उघडली की नुसती चौकट माऊसमागे फिरते आणि तुम्ही क्लिक कराल तिथेच बसते. विंडोजवर वाढलेल्या माणसाला खिडकी आणि खिडकीची कड या दोन वेगळ्या प्रोग्रामांच्या गोष्टी आहेत हे तोवर ठाऊकच नसतं. १९८७ च्या एक्स११ चं, म्हणजे याच एक्सच्या अकराव्या आवृत्तीचं, धोरणच मुळी ते होतं : आम्ही साधनं देतो, खिडक्या कशा दिसाव्यात आणि कशा वागाव्यात ते तुम्ही ठरवा. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. डोळ्यांनी पाहिलं की कायमचं कळतं. लोक आठवण म्हणून जपतात ती या कळण्याची.

सगळे स्क्रीनशॉट एका छापाचे? हो, आहेत. अॅनिमेचा वॉलपेपर, फिकट जांभळी थीम, गोलसर कोपरे आणि एका टर्मिनलात निओफेचने काढलेला डिस्ट्रोचा लोगो. (निओफेच एप्रिल २०२४ मध्ये बंद पडलं. त्याच्या कर्त्याने आपण शेती धरल्याचं जाहीर केलं. राइसिंगच्या जगातली मला सगळ्यात पटलेली घोषणा!) बरेच जण दुसऱ्याच्या डॉटफाइल्स (कॉन्फिग फाइल्स) जशाच्या तशा उचलतात, त्याचंही मला कौतुक नाही. पण उचललेली फाइल आपल्या मशीनवर कधीच सरळ चालत नाही, आणि ती का चालत नाही हे शोधताना माणूस कुठेतरी पोचतो.

माझंच बघा. पोलीबार या प्रोग्रामच्या पट्टीत मराठी तारीख-वार दाखवायचा होता. अक्षरं जोडून घ्यायची सोयच त्यात नाही, त्यामुळे ‘शनिवार’ची ऱ्हस्व वेलांटी ‘न’च्या उजवीकडे जाऊन पडायची. वेबार हा तसाच दुसरा प्रोग्राम जीटीके या साधनसंचावर चालतो, म्हणजे मजकूर पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीकडून मांडून घेतो. तिथे वेलांटी जागेवर आली. फाँट घेतला लोहित. तो मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेला आणि रेड हॅटने खुला केलेला. तरीही ‘ल’ हिंदी वळणाचाच दिसत राहिला. आपला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ त्याच फाँटमध्ये आहेत, पण मजकूर मराठी आहे असं कुणी सांगितलं तरच ते बाहेर येतात. माझी सिस्टीम इंग्रजी लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) होती, आणि तशा वेळी देवनागरी दिसली की पँगो ती हिंदी धरून चालतो. लोकेल मराठी केलं की ‘ल’ला पाकळ्या फुटतात. मेनू इंग्रजीच हवे असतील तर पँगो_लँग्वेज या व्हेरिएबलमध्ये इंग्रजीनंतर मराठी लिहायची, तेवढ्यानेही भागतं.

मी एक पट्टी नटवायला बसलो होतो. नुसतं येईल ते वापरलं असतं तर आपल्या भाषेचा ‘ल’ मशीनमध्ये आहे आणि कुणीतरी मेहनतीने तिथे घातलाय, याचा मला जन्मात पत्ता लागला नसता. आणि हे कुठल्या कामाच्या वेळेतून चोरलं नव्हतं. रविवार माझा होता.

तुम्ही विचारलंत, प्रत्यक्ष कामाला काय वापरता? स्वे हा विंडो मॅनेजर. आधी आय३ होता. स्वे त्याचीच फाइल वाचतो, म्हणून वेलँडवर (एक्सची जागा घेणारी नवी यंत्रणा) जाताना किरकोळ ओळी तेवढ्या बदलल्या. तुमची गत मात्र वेगळी होणार आहे. एफव्हीडब्ल्यूएम वेलँडवर आलेला नाही, आणि ग्नोमने ४९ व्या आवृत्तीपासून एक्स११ चं सेशन मुळातच बंद करून ठेवलंय. एक्स उद्याच मरत नाही, पण कधीतरी तुम्हाला ती फाइल नव्याने लिहायला बसावंच लागेल. माऊस आणि एकावर एक खिडक्यांची सवय असेल तर आधी वेलँडवरचा लॅबडब्ल्यूसी बघा, तो ओपनबॉक्स या एक्सवरच्या विंडो मॅनेजरच्या वळणाचा आहे. मेनू आणि बटणांच्या जोडण्या त्यात एक्सएमएलमध्ये लिहाव्या लागतात, ते तुम्हाला आवडणार नाही. पेजरचं काय करायचं ते मात्र तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. सापडलं तर इथे जरूर लिहा, स्क्रीनशॉटसकट.