तथागतांना फिजिक्सचं सर्टिफिकेट कशाला हवं?

मामांचा मेसेज सकाळी सहा-दहाला येतो. आधी त्रिशरण-पंचशील, मग चहा, मग व्हॉट्सॲप, असा त्यांचा नेम. बुद्धपौर्णिमेला आला तो दरवर्षीचाच. पिंपळपानावर आइनस्टाईनचा फोटो, खाली वाक्य: आधुनिक विज्ञानाला पुरून उरेल असा एखादा धर्म असेल, तर तो बौद्ध धर्म. त्याखाली निळ्या अक्षरांत, 'क्वांटम फिजिक्स बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलं! अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा.'

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि स्वतः शिकलो नागसेनवनात, म्हणजे बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद कॉलेजच्या परिसरात. त्यामुळे हा मेसेज मला दोन्ही बाजूंनी टोचतो. फॅमिली ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नाही, तिथे आत्या हात जोडलेले इमोजी टाकते आणि विषय मिटतो. म्हणून इथे लिहितोय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगतो.

आइनस्टाईनचं आधी उरकून घेऊ. त्याच्या लिखाणात या वाक्याचा पत्ता लागत नाही. मात्र १९३० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याने धर्म आणि विज्ञान यांवर एक लेख लिहिला होता. त्यात तो वैश्विक धर्मभावनेबद्दल बोलतो आणि ती बौद्ध विचारात जास्त ठळक आहे असं म्हणतो. आपल्याला हे जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरच्या लिखाणातून कळलं, अशी प्रांजळ कबुलीही देतो. म्हणजे खरी गोष्ट हाताशी असताना आपण खोटी फिरवतोय. का, तर खऱ्यात 'एकच धर्म' असा दणका नाही.

२०१५ साली मुंबईत इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आठवतंय? तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो. मी तर स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवली होती. मग पुष्पक विमान हसण्यावारी न्यायचं आणि 'बुद्धांचं क्वांटम' मात्र अभिमानाने पुढे ढकलायचं, हे कुठल्या तोंडाने? रोग तोच आहे, फक्त झेंड्याचा रंग बदलला.

काही वर्षांपूर्वी मी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, फोन जमा. एका संध्याकाळी प्रवचनात बबल चेंबर आलं. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं आणि त्याच्या यंत्रातून दिसलं की सूक्ष्म कण एका सेकंदात १ वर २२ शून्यं इतक्या वेळा उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. म्हणजे अनिच्चा, क्षणभंगुरता, प्रयोगशाळेत सिद्ध! हॉलमधले सगळे भारावून बसलेले. माझ्यातला मास्तर चुळबुळत होता, आणि मौन असल्यामुळे शेजाऱ्याच्या कानात पुटपुटायचीही सोय नव्हती.

डोनाल्ड ग्लेसरने बबल चेंबर १९५२ साली केलं, त्याला नोबेल मिळालं १९६० साली, इथवर ठीक. पण ते यंत्र करतं काय? द्रव दाबाखाली तापवून ठेवायचा आणि अचानक दाब कमी करायचा. तो उकळायच्या बेतात असताना त्यातून विद्युतभारित कण गेला, की त्याच्या वाटेवर बुडबुडे उठतात. त्या बुडबुड्यांच्या रेषेचा फोटो घ्यायचा. कण सेकंदाला किती वेळा जन्मतो-मरतो हे त्या फोटोत दिसत नाही, तो कुठून कुठे गेला हे दिसतं. काही कण खरोखरच अतिशय अल्पायुषी असतात, हे मान्य. पण तुमचं-माझं शरीर ज्यांचं बनलंय ते प्रोटॉन तसे नाहीत. जपानमध्ये सुपर-कामिओकांदे नावाची ५० हजार टन पाण्याची टाकी जमिनीखाली आहे. तिथे शास्त्रज्ञ एखादा तरी प्रोटॉन फुटतो का, याची वर्षानुवर्षं वाट बघतायत. अजून एकही सापडलेला नाही. त्यावरून प्रोटॉनचं सरासरी आयुष्य १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त असलं पाहिजे असा हिशोब निघतो. आता सांगा, अनिच्चा फिजिक्सच्या भरवशावर उभी करायची, तर या प्रोटॉनचं काय करायचं?

बरं, त्याच शिबिरात चौथ्या दिवशी मला अनिच्चा कळली. ती कशी, ते पुढे सांगतो.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनापाशी मात्र मी जरा थबकतो, कारण तिथलं साम्य वरवरचं नाही. हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पाद. दुसऱ्या शतकाच्या सुमारास नागार्जुनाने तो पार टोकाला नेला. कुठल्याच वस्तूला स्वतःचा असा, इतरांवाचून उभा राहणारा स्वभाव नाही, असं तो म्हणाला. हीच शून्यता. (शून्यता म्हणजे 'काहीच नाही' नव्हे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.) आता एसटी घ्या. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती ताशी ६० किलोमीटरने जाताना दिसते, आतल्या प्रवाशाला शेजारची सीट जागच्या जागी दिसते. वेग एकट्या बसच्या खिशात नसतो, तो बस आणि दुसरं काहीतरी यांच्यामध्ये असतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोव्हेली यांनी १९९६ साली क्वांटमची, म्हणजे सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राची, जी मांडणी केली, ती म्हणते की इलेक्ट्रॉनचे गुणधर्मही असेच, दुसऱ्या कशाशी गाठ पडते तेव्हाच असणारे. त्यांनी २०२० सालच्या आपल्या पुस्तकात नागार्जुनाबद्दल मनापासून लिहिलंय. पण नागार्जुनाला क्वांटमची काही कल्पना नव्हती, मुद्दा तो नाहीच, हेही तिथेच बजावलंय. नेमकं हे वाक्य आपल्या फॉरवर्डमधून गळतं.

शिवाय ही क्वांटमची एक मांडणी झाली. अनेक विश्वं मानणारी आहे, डेव्हिड बोमची आहे, आणखीही आहेत. २०२२ चं नोबेल ज्या प्रयोगांना मिळालं, त्या आस्पे, क्लाउझर, त्सायलिंगर यांच्या कामाने बऱ्याच भाबड्या कल्पना मोडीत काढल्या. पण या मांडण्यांमधली खरी कुठली, याचा निकाल त्यानेही लागलेला नाही. उद्या दुसरीच कुठली तरी मांडणी टिकली, तर आपण नागार्जुनाला नापास करणार आहोत का? नाही ना? मग आज पास करायची घाई कशाला?

आणि 'बौद्ध विचार' म्हणजे तरी कुणाचा? वैभाषिक नावाचा जुना बौद्ध पंथ परमाणू, म्हणजे आणखी तुकडे न होणारे कण, मानत होता. वसुबंधू या बौद्ध आचार्याने 'विंशतिका' या ग्रंथात त्यांची फिरकी घेतली: एका परमाणूला सहा बाजूंनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू झाल्या, मग तो अविभाज्य कसला? म्हणजे अणूच्या बाजूचेही बौद्ध, अणूच्या विरोधातलेही बौद्ध. फिजिक्सचा निकाल कुठल्याही बाजूने लागो, आपला कोणीतरी जिंकणारच. अशा पैजेत कसली मजा? त्याच परंपरेत मधोमध मेरू पर्वत असलेलं विश्वही आहे. ते मोजमापाशी जुळत नाही, हे खुद्द दलाई लामांनी मान्य केलंय. विज्ञानाने एखादी गोष्ट निर्विवाद खोटी ठरवली तर बौद्धांनी ती सोडली पाहिजे, असंही त्यांनी लिहून ठेवलंय.

कौशांबीच्या शिंसपावनातली गोष्ट मामांनीच मला लहानपणी सांगितली होती. तथागतांनी मूठभर पानं उचलली आणि भिक्खूंना विचारलं, पानं माझ्या हातात जास्त की या वनात? मला जे कळलंय ते वनातल्या पानांइतकं, सांगितलंय ते या मुठीइतकं. कारण उरलेल्याने दुःख संपत नाही. विश्व शाश्वत आहे की नाही, अंत असलेलं आहे की अनंत, या प्रश्नांवर ज्या माणसाने मुद्दाम मौन पाळलं, त्याच्या तोंडी आपण कणभौतिकी घालतोय.

त्या मुठीत काय होतं? दुःख, वेदना, तृष्णा, आणि 'मी' नावाची गाठ. इथे मला आजचं विज्ञान आणि धम्म खरोखर शेजारी-शेजारी दिसतात, कारण दोघं एकाच गोष्टीकडे बघतायत, एक आतून, एक बाहेरून.

गेल्या विज्ञानदिनी मी वर्गात एक प्रयोग केला. १९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन यांनी केलेला, आता जगभर गाजलेला. रबरी हातमोज्यात कापूस भरून तो बाकावर ठेवला. बारावीतल्या एका मुलीला तिचा खरा हात पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवायला सांगितलं. मग दोन ब्रशने दोन्हीकडे एकाच लयीत, एकाच बोटावर फिरवत राहिलो. दोनेक मिनिटांत ती म्हणाली, "सर, हे मोज्यालाच जाणवतंय." एवढ्यात लॅबमधल्या काकांनी ठरल्याप्रमाणे मोज्यावर हातोडी उगारली. ती किंचाळली आणि तिने खरा हात मागे ओढला! वर्ग हसला. मी नाही हसलो. 'हा हात माझा' ही जन्मभराची खात्री दोन मिनिटांत कापूस भरलेल्या मोज्यावर जाऊन बसली होती.

मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गॅझानिगा यांचा प्रयोग याहून चमत्कारिक आहे. अपस्मारावरचा उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन गोलार्धांमधला दुवा कापला होता, अशा रुग्णांवर ते काम करत. एका रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फ साचलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून निवडायला सांगितलं. एका हाताने कोंबडी दाखवली, दुसऱ्याने फावडं. फावडं का? बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाने बर्फ पाहिलंच नव्हतं. पण त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं ना! कारभार दुसऱ्याचा, आणि सही ठोकली याने.

आता मिलिंद राजा आणि भन्ते नागसेन यांचा संवाद आठवा. ज्यांच्या नावाने बाबासाहेबांनी आमच्या गावात कॉलेज उभं केलं, तेच दोघं. रथातून आलेल्या राजाला नागसेन विचारतात: आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू, दांडी, लगाम? यांच्याखेरीज वेगळा रथ आहे का? नाही. तसाच नागसेन. आणि रात्रभर जळणारा दिवा: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? 'न च सो, न च अञ्ञो', तीच नाही आणि दुसरीही नाही. मेंदूत 'मी' नावाचा कुणी राजा बसलेला सापडत नाही, हे आज शास्त्रज्ञ स्कॅन काढून सांगतात. नागसेनांकडे स्कॅन नव्हता. पण प्रश्न तोच होता, आणि उत्तराची दिशाही तीच.

तर तो चौथा दिवस. अधिष्ठान, म्हणजे तासभर हलायचं नाही. माझा उजवा गुडघा आधीच कुरकुरणारा. विसाव्या मिनिटाला आग पेटली. तिसाव्याला मी मनात शिबिर सोडून एसटी स्टँडवर पोचलो होतो. मग कधीतरी लक्षात आलं की गुडघ्यात ठणका आहे, तो कमी-जास्त होतोय, सरकतोय. आणि 'आता सहन होत नाही, माझा गुडघा गेला' ही त्यापलीकडची वेगळीच बोंब आहे. बोंब थांबली, ठणका राहिला. पण ठणका एकटा असला की तो तेवढा वाईट नसतो. सल्ल सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या बाणाच्या उपदेशात, हेच आहे: अडाण्याला दोन बाण लागतात, एक शरीराला, दुसरा मनाला, शहाण्याला एकच.

मेंदूशास्त्रज्ञ फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १५ जणांना चार दिवस ध्यान शिकवून पोटरीला चटका देऊन पाहिलं. ध्यान करताना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी वाटली, तर तिचा त्रास ५७ टक्क्यांनी. तीव्रता वेगळी, त्रास वेगळा, म्हणजे बाण दोन. पंधराच माणसं आहेत, त्यावरून मी नाचणार नाही. पण हा दावा तपासता येतो, चुकूही शकतो, आणि तपासायला गुडघा पुरतो. सेकंदाला १ वर २२ शून्यं मोजायला नको.

इथेही सगळं गोडीगुलाबीचं नाही. जाणीव पूर्णपणे मेंदूतून निघते हे दलाई लामा मान्य करत नाहीत, बहुतेक मेंदूशास्त्रज्ञ तेच गृहीत धरून काम करतात. पुनर्जन्माचं तर विचारूच नका. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारला, शरीरातली पृथ्वी-आप-तेज-वायू ही द्रव्यं निसर्गात परत मिसळतात एवढंच ठेवलं. तिबेटी परंपरा ऐकून घेणार नाही. मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे, पण 'बौद्ध धर्म असं म्हणतो' असं बेधडक वाक्य मग मलाही लिहिता येत नाही.

हे सगळं पोस्ट करण्याआधी मामांना फोनवर वाचून दाखवलं. मामा एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेतून रिटायर झालेत. आइनस्टाईनवर काही बोलले नाहीत, घसा खाकरला फक्त. रथाशी आलो तेव्हा मला थांबवलं.

"अरे, हा रथ आम्ही तीस वर्षं केला. जुन्या चॅसिसवर नवी बॉडी, इंजिन तिसऱ्याच गाडीचं, सीटा नव्या. पण नंबर जुनाच. ड्रायव्हर येऊन म्हणायचा, 'माझी गाडी झाली का?' आम्ही हसायचो. तुझी म्हणजे कुठली रे बाबा?"

"तेच तर मामा."

"थांब. आमच्याकडे नंबर टाकायला पेंटर होता. तुझ्या त्या मेंदूत नंबर टाकणारा पेंटर कुठे बसतो?"

म्हटलं, तोच कुणाला सापडत नाहीये. सगळे शोधतायत.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हे लिही ना मग. हे पाठवतो मी दहा जणांना."