खुलासा : बंदी लाकडी बदकांवर नाही, जिवंत बदकांवर
‘अमेरिकेत 1935 पासून हाताने कोरलेली नकली बदकं आणि 1991 पासून जुन्या दुनळी बंदुका बदकांच्या शिकारीत वापरायला बंदी आहे’ असा मजकूर फिरतो आहे. साल दोन्ही बरोबर, बाकी गडबड.

1935 मध्ये बंदी आली ती जिवंत बदकांवर. शिकारी पाळीव बदकं पाण्यात बांधून ठेवत, त्यांच्या आवाजाने रानबदकं खाली उतरत. लाकडी डिकॉय, म्हणजे रानबदकांना भुलवायची नकली बदकं, तेव्हाही चालत होते, आजही चालतात. (अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत सापडलेले लव्हाळ्याचे डिकॉय तर सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे आहेत!)

1991 ची बंदी शिशाच्या छर्‍यांवर आहे, बंदुकीवर नाही. बदकं दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रेही त्यांबरोबर पोटात जातात आणि विषबाधा होते. अशी बदकं खाणारे गरुडही मरत.

गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच असावं. शिशाऐवजी आलेले पोलादी छर्रे कडक, दबत नाहीत; जुन्या नळीचं अरुंद तोंड त्यांनी फुगू शकतं. म्हणून अनेकांनी आजोबांची बंदूक भिंतीवर टांगली. बिस्मथ या धातूचे छर्रे मऊ असतात, पण महाग. आणि जुन्या दमास्कस नळीत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून बनवलेल्या) आधुनिक काडतूस घालणं धोक्याचंच, छर्रे कुठलेही असोत.

आपल्याकडचा 1972 चा वन्यजीव कायदा वेगळा. इथे रानबदकांची शिकारच गुन्हा आहे, डिकॉय लाकडी असो वा प्लास्टिकचा.