पोराला ऑक्सिजन कधी लागला, ते मोजा

लहान मूल सिरीयस, ॲम्ब्युलन्सला उशीर, मूल गेलं. अशी बातमी आली की दोन दिवस सगळीकडे तेच, गाडी किती उशिरा आली, ड्रायव्हर कुठे होता, कोणाला सस्पेंड करणार, मग अधिवेशनात एखादा प्रश्न, आणि थोड्या महिन्यांनी नवीन गाड्यांपुढे नारळ फोडतानाचे फोटो. मी एका आदिवासी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बरीच वर्षं झाली. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण इथल्या दवाखान्यातली माणसं आधीच दोघांचं काम एकटी करतायत आणि या पोस्टमुळे त्यांच्यापैकीच कोणालातरी नोटीस मिळायची. मला म्हणायचंय ते असं की फोन केल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ आपण सगळे मोजतो, पेपरवालेही आणि सरकारही, पण आजारी पोराचं थांबणं गाडी आल्यावरही चालूच असतं आणि त्याचा हिशोब कुठेच होत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ आजारी पडला, अडीच वर्षांचा. सर्दी-ताप होताच, एका संध्याकाळी पोट उडायला लागलं. ज्यांनी हे बघितलंय त्यांना सांगायला नको, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, आणि पोरगं रडायचंसुद्धा थांबतं कारण रडायला दम उरलेला नसतो. आशाताईंनी सदरा वर करून मोबाईलच्या टॉर्चमध्ये पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, साठच्या वर गेले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याच्या वर गेला, किंवा दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा त्याच्या वर गेला, तर न्यूमोनिया समजून लगेच हलायचं, हे त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि आमच्या ताईंना ते तोंडपाठ आहे. पाड्यावर रेंज नाही, फोन करायचा तर टेकडीवर जावं लागतं, त्या दिवशी तिथे चारचाकी माझीच होती, म्हणून सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं.

डॉक्टर मॅडम ड्युटीवर होत्या, इकडे हीच मोठी गोष्ट. त्यांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन सुरू केला आणि म्हणाल्या हे इथे ठेवण्यासारखं नाही, पुढे न्यावं लागेल. गाडी मागवली. तर तालुक्याची गाडी एका अडलेल्या बाईला घेऊन जिल्ह्याला निघालेली, घाटात होती, ती तिला पोचवणार, तिथे ॲडमिट होईपर्यंत थांबणार आणि मग परत फिरणार. पोराची आई मला म्हणाली, "गुरुजी, तुमची गाडी हाय ना बाहेर, मग थांबायचं कशाला?" मला काय उत्तर द्यावं कळेना. गाडी दारात, पेट्रोल भरलेलं, आणि तरी नेता येत नव्हतं, कारण केंद्रावरचा ऑक्सिजन म्हणजे भिंतीला साखळीने बांधलेला तो मोठा सिलिंडर, तो काय माझ्या मागच्या सीटवर बसणार नाही, आणि ऑक्सिजन काढून घाट उतरायचा म्हणजे वाटेत काय होईल त्याची मॅडमना खात्री नव्हती.

त्या थांबण्यातली एक गोष्ट सांगतो. केंद्रावर लहान मुलाचा मास्क नव्हता. मोठ्या माणसाचा मास्क त्या पोराच्या तोंडावर ठेवला तर तो डोळ्यांपासून पार हनुवटीच्या खाली येत होता, दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन सूं करत निघून जात होता, आणि नर्सताई कडेला कापूस लावून चारही बोटांनी तो दाबून धरून बसल्या होत्या, हात बदलायच्या पण सोडायच्या नाहीत. ऑक्सिजन मोजायची क्लिपही मोठ्यांचीच, पोराच्या बोटावर धरेना, आकडा यायचा आणि जायचा, शेवटी पायाच्या अंगठ्याला लावली तेव्हा कुठे आकडा टिकला, ८६ टक्के, म्हणजे कमीच. लहान मुलाचा मास्क काही शे रुपयांत येतो, महागातला नव्हे, साधा.

गाडी आली, गाडीतले डॉक्टर चांगले होते, घाईने आणि नीट घेतलं त्यांनी. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तर मुलांच्या डॉक्टरची जागा रिकामी, तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि पुन्हा रेफर चिठ्ठी लिहिली. तोवर ज्या गाडीने आम्हाला आणलं तिला हायवेवरच्या ॲक्सिडेंटचा कॉल आला होता, ती गेली, बरोबरच आहे, तिथेही कोणीतरी रक्तात पडलेलं होतं. मग परत नवीन कॉल, पुन्हा गावाचं नाव सांगा, पेशंटचं वय सांगा, काय होतंय ते सांगा, आणि पुन्हा थांबणं. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उजाडायला आलं होतं. पोरगं वाचलं, आता अंगणवाडीत जातंय. पण त्या रात्रीच्या नोंदी काढल्या तर त्यात काय दिसेल? दोन वेगळे कॉल, दोन वेगळे नंबर, प्रत्येकाची गाडी यायची आपापली वेळ. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकच अडीच वर्षांचं मूल थांबलं होतं हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता जरा आकडे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाईफ सपोर्टच्या म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या आणि ७०४ बेसिक. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, म्हणजे एका गाडीमागे साधारण १ लाख २० हजार माणसं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष लाखामागे एक बेसिक आणि पाच लाखांमागे एक ॲडव्हान्स असा आहे, त्यामुळे कागदावर आपण फार मागे नव्हतो. पण पुण्यातले लाखभर लोक एका वॉर्डात मावतात आणि आमच्याकडचे लाखभर लोक शेकडो पाड्यांवर, डोंगराच्या या बाजूला नि त्या बाजूला, मध्ये दोन नद्या. माणशी गाडी मोजून इथलं कोडं सुटत नाही. आणि त्यातली एक गाडी रेफरल घेऊन जिल्ह्याला गेली की जाणं-येणं धरून चार-पाच तास अख्खा तालुका बिनगाडीचा असतो. मोठे दवाखाने लांब असतात तिथेच रेफरल जास्त, आणि तिथेच गाड्या कमी. बाकी सगळं एकीकडे ठेवलं तरी ही एक गोष्ट कोणीतरी बसून सोडवायला पाहिजे ना, की गाडी बाहेरगावी गेली की शेजारच्या तालुक्यातली गाडी सरकून मध्ये येऊन उभी राहील. फायर ब्रिगेडवाले हे करतात.

नवीन टेंडरमध्ये १,७५६ गाड्यांची योजना आहे, त्यात १६६ मोटरसायकली, २५ बोटी, आणि नवजात बाळांसाठी खास ३६ गाड्या. नंदुरबारला नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीशिवाय रस्ताच नाही, तिथे बोट हवीच, मी त्याच्या बाजूने आहे. पण नवजात बाळांच्या ३६ म्हणजे जिल्ह्याला सरासरी एक. नाशिक जिल्हा बघा, सुरगाण्याहून नाशिक शहर आणि नांदगावहून नाशिक शहर, दोन टोकं, गाडी एक. आणि नवजात म्हणजे पहिले २८ दिवस. आमच्या त्या पोराचं काय?

त्याचं खरंच काय, कारण १०२ ची जी गाडी आरोग्य केंद्राच्या दारात उभी असते, तीही मुळात गरोदर बायका आणि लहान बाळांसाठीच. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत वाहतुकीचा हक्क आजारी बाळाला एक वर्षापर्यंत आहे. चांगले डॉक्टर आणि चांगले ड्रायव्हर वय न बघता गाडी काढतात, मी बघितलंय, पण ते त्यांच्या माणुसकीवर झालं, हक्काने नाही. तेरा महिन्यांच्या लेकराला न्यूमोनिया झाला तर त्याच्या आईने कोणाची तरी मेहेरबानी बघायची, हे मला पटत नाही. ही मर्यादा पाच वर्षांपर्यंत न्या.

दुसरी गोष्ट, आणि मला ही गाड्यांपेक्षाही मोठी वाटते. थांबावं लागणारच असेल तर उपचार सुरू होऊन थांबूदे. हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या माणसांना श्वास मोजायला आणि न्यूमोनियाचं औषध द्यायला शिकवलं, मग नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला, आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास आला त्यात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते, ३९ गावांत. तिथे कोणी व्हेंटिलेटरवाली गाडी नेली नव्हती, गावातल्याच बाईच्या हातात पिशवी दिली होती. पुढे २०११ मध्ये देशभर आशा ताईंमार्फत तेच मॉडेल घेतलं गेलं. तसंच कोकणात विंचवाचं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, लाल विंचू चावलेली लहान मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत जायची, त्यांनी प्राझोसिन ही साधी गोळी वापरून मरणारी मुलं वाचवली, तीही प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून काम करत. आधी गोळी, मग गाडी. जिथे मूल पहिल्यांदा पोचतं तिथे मास्क, लहान मुलाची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), ऑक्सिजन मोजायची लहान क्लिप, हातात नेता येईल असा छोटा सिलिंडर आणि ते वापरायचा सराव असलेलं एक माणूस असलं तर पुढचे तीन तास पोर तग धरतं. आणि तो छोटा सिलिंडर त्या रात्री असता तर मॅडमनी आम्हाला नर्स देऊन माझ्याच गाडीतून पाठवलं असतं, हे त्या स्वतः मला नंतर म्हणाल्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यातल्या त्या आई-बापांचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, दोन लेकरांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून चालणारे. तेव्हा सगळा गदारोळ शववाहिका का नव्हती यावर झाला. असायलाच पाहिजे होती. पण दोन्ही मुलं ताप आल्यापासून आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत कुठे होती, मधल्या वेळात त्यांच्याजवळ कोण होतं, यावर दोन ओळीसुद्धा धड चर्चा झाली नाही. आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं असं बातम्यांत आलं आणि लगेच लोकांनी अंधश्रद्धा म्हणून हात झटकले. अहो, पुजारी गावात असतो. रात्री दार वाजवलं तर उठतो. ज्याच्याकडे जाता येतं त्याच्याकडेच माणूस आधी जाणार. मेळघाटच्या बालमृत्यूंवर मुंबई हायकोर्टात इतकी वर्षं सुनावण्या चालू आहेत, कोर्ट दर वेळी झापतं, आणि रिकाम्या जागांची यादी काही संपत नाही.

शहरातल्यांनाही सांगतो, ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून १० हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नाही, आत कोणाचं तरी पोर असेल म्हणून बाजूला व्हा.

आणि तोवर आपल्या हातात काय आहे तर हे. १०८ ला फोन केला की आधी जिल्हा आणि तालुका सांगा, मग गाव, मग पाडा, कारण फोन पुण्याला लागतो आणि एकाच नावाचे पाडे दहा असतात. मुलाचं वय आणि "श्वास घेता येत नाहीये" किंवा "झटके चालू आहेत" हे पहिल्या वाक्यात. फाट्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. धाप लागलेल्या किंवा झटके येणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी, दूध, औषध काही घालू नका, झटके येणाऱ्याला कुशीवर झोपवा, दातात चमचा नको, कांदा नि चप्पल हुंगवणं तर अजिबात नको. मूल कडेवर बसून नीट श्वास घेत असेल तर जबरदस्तीने आडवं करू नका. रेफर केलं तर चिठ्ठी हातात घेतल्यावर तिथल्याच डॉक्टरांना हात जोडून सांगा की पुढच्या दवाखान्यात फोन करून बेड आणि मुलांचे डॉक्टर आहेत का विचारा. हा एक फोन आम्हाला त्या रात्री तालुक्याच्या दवाखान्यातला सगळा थांबा वाचवू शकला असता.

माझं म्हणणं आरोग्य विभागाकडे मी लेखी दिलंय. प्रत्येक आजारी मुलाची एकच नोंद ठेवा, पाड्यापासून शेवटच्या बेडपर्यंत, आणि तालुकावार दर महिन्याला भिंतीवर लावा. तुमच्या घरात, गल्लीत, गावात असं झालं असेल तर माणसांची नावं न लिहिता खाली एवढंच लिहा, मूल किती वर्षांचं, त्रास कधी सुरू झाला, पहिला फोन कधी, गाडी कधी आली, ऑक्सिजन किंवा औषध पहिल्यांदा कुठे मिळालं, किती ठिकाणी रेफर झालं, शेवटी ॲडमिट कधी झालं. जिल्हा आणि तालुका तेवढा नक्की टाका. मी ते एकत्र करून अर्जाला जोडणार आहे.