‘तीन दिवसांत गजकर्ण साफ’? आमच्या आत्याची कंबर बघून बोला

हा मेसेज गेल्या महिन्यात चार ग्रुपांवर आला आणि चारही वेळा मी तो न वाचता सोडला. पाचव्यांदा तो पलूसच्या आत्याच्या कमरेवर उमटलेला दिसला, म्हणून लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: ‘गजकर्ण म्हणजे रक्तातली उष्णता. वांगं, आंबट बंद. अंग कोरडं ठेवा, सुती कपडे घाला. हळद लावा. लसूण ठेचून रात्रभर बांधा. तरी राहिलं तर ही ट्यूब (खाली फोटो), तीन दिवसांत साफ. खाज थांबली की बंद करा. डॉक्टर नुसते लुटतात. पुढं पाठवा, पुण्य मिळेल.’

रक्तातली उष्णता वगैरे काही नसतं. गजकर्ण ही कातडीच्या वरच्या थरावर जगणारी बुरशी आहे. तिला घाम आणि ओल लागते, तुम्ही वांगं खाल्लंत की दोडका, तिला सोयरसुतक नाही. कोरडं राहा, सुती घाला हे मात्र बरोबर आहे. इतक्या बाजारगप्पांत एक खरी गोष्ट कशी शिरली देव जाणे.

हळदीबद्दल सांगलीत राहून वाकडं बोलायचं म्हणजे जिवावरचं काम. प्रयोगशाळेत हळदीतल्या घटकाने बुरशीची वाढ रोखलेली आहे, मान्य. पण काचेच्या बशीतली बुरशी वेगळी आणि परकराच्या नाडीखाली घामात भिजलेली वेगळी. ओला लेप तिथं उलट ओलच धरून ठेवतो.

लसणाचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आत्या दिवसभर द्राक्षबागेत वाकून काम करते आणि चट्टा बरोबर नाडीच्या रेषेवर होता. चार पाकळ्या ठेचून वर फडकं आवळून झोपली. सकाळी फडक्याबरोबर कातडीचा पापुद्रा आला. “लई आग पडलीया गं,” एवढंच म्हणाली. कच्चा लसूण कातडीवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखी जखम होते, फोडसुद्धा येतात. म्हणजे गजकर्ण होतंच, वर भाजलेलं आलं.

मग त्या ट्यूबची पाळी. खरा घोळ इथंच आहे.

तीन दिवसांत खाज थांबते हे खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. ट्यूबवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. आत्याच्या ट्यूबवर ‘क्लोबेटासोल’ होतं, हे जबर ताकदीचं स्टेरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन हीही त्याच घराण्यातली. लाली आणि खाज ही आपलं शरीर बुरशीशी झुंजतंय त्याची खूण असते. स्टेरॉइड ती झुंज दाबतं. वर सगळं शांत दिसतं, खाली बुरशी निवांत पसरते. ट्यूब बंद केली की आठवड्यात दुप्पट जागेत उगवते. आत्याच्या चट्ट्यात तर गोलात गोल उठले होते. जांघेत, काखेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होऊन गरोदरपणातल्यासारखे व्रण पडतात, ते पुसले जात नाहीत.

हे माझ्या पदरचं नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची लावायची स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याच उच्छादामुळं. तरी आमच्याकडं बिस्किटाच्या पुड्यासारखी ट्यूब मिळते. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या आपल्याकडच्या हट्टी बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी वेगळं नावच दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच ‘इंडो’ आहे, घ्या मिरवून. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कलाही सापडली.

‘खाज थांबली की बंद करा’ हे तर उलटंच. साधं बुरशीचं मलमसुद्धा चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि डाग गेल्यावरही सांगितले तितके दिवस लावत राहायचं. गोळ्या लागल्या तर त्या स्वतःच्या मनाने नाहीत, लिव्हरचा प्रश्न असतो.

राहता राहिलं डॉक्टर लुटतात हे. महिनाभराच्या गोळ्यांचं बिल बघून माझाही जीव वर-खाली झाला, खोटं कशाला बोलू. त्यासाठी मिरजेचं सिव्हिल आहे, स्किनच्या ओपीडीत रांग लावा. निदान तो चट्टा गजकर्णच आहे का हे तरी कळेल. न खाजणारा, टोचलेलं न समजणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आत्याला मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात अजून कुणाला आहे? आत्या म्हणाली, कुणालाच नाही. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे टॉवेल वेगळे करायला गेले, तर मामांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, उशीखाली तीच ट्यूब होती. शेपटीपासून गुंडाळत आणलेली, झाकणाजवळ शेवटचा थेंब उरलेला. मामा म्हणाले, “माझं गेलंय की. अधनंमधनं लावतो नुसतं.”