कॉम्प्टनच्या गुडघ्याचा हिशेब फॉरवर्डमध्ये नाही

नागपुरातल्या क्रिकेटच्या ग्रुपांवर डेनिस कॉम्प्टनचा फॉरवर्ड फिरतोय. मजकूर साधारण असा : उन्हाळ्यात इंग्लंडकडून क्रिकेट, हिवाळ्यात इंग्लंडकडून फुटबॉल, मध्येच भारतात येऊन सी. के. नायडूंच्या होळकर संघाला २४९ धावा काढून रणजी जिंकून दिली. शरीराने कधी कुरकुर केली नाही. आजच्या पोरांना मात्र वर्कलोड होतो!

सीके नागपूरचे, तेव्हा रणजीपासूनच सुरुवात करू. १९४५ च्या मार्चमधला मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरचा अंतिम सामना. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६०. लक्ष्य ८६७ धावांचं. कॉम्प्टन नाबाद २४९, हे खरंच; मुश्ताक अलींची तर दोन्ही डावांत शतकं. तरी होळकर ४९२ वर आटोपला आणि ३७४ धावांनी हरला. होळकरने करंडक जिंकला तो पुढच्या हंगामात, बडोद्याला हरवून.

दोन्ही खेळांत इंग्लंडकडून? ७८ कसोट्या आणि ५८०७ धावांबद्दल वाद नाही. फुटबॉलमधले त्याचे इंग्लंडचे सामने मात्र युद्धकाळातले. ते अधिकृत धरले जात नाहीत. अधिकृत कॅप, म्हणजे देशाकडून खेळलेला अधिकृत सामना, एकही नाही. आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबकडून लीगचे सामने भरले ५४. युद्धाने वर्षं खाल्ली, हे त्यात धरायलाच हवं.

आता कुरकुरीचं. १९३८ मध्ये चार्ल्टन क्लबच्या गोलकीपरशी टक्कर झाली आणि उजवा गुडघा कायमचा नाजूक झाला. कॉम्प्टन डावा विंगर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने चढाई करणारा. विंगरला पळता पळता पाय रोवून अंग वळवावं लागतं. ओल्या चिखलात बुटाच्या तळाचे खुंट, म्हणजे स्टड, रुतले की बूट जागेवर राहतो, अंग फिरतं आणि पीळ बसतो गुडघ्याला. क्रिकेटमध्ये सुटका कुठे? त्याचा लाडका स्वीप गुडघा टेकवूनच मारायचा. १९४७ मध्ये ३८१६ धावा आणि १८ शतकं काढणारा माणूस त्याच हिवाळ्यात आर्सेनलकडून लीग खेळत होता. विश्रांती मिळणार कधी?

२९ एप्रिल १९५० ला इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या एफए कपचा अंतिम सामना, आर्सेनल २, लिव्हरपूल ०. त्या उन्हाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि वेस्ट इंडीजविरुद्धच्या चारपैकी तीन कसोट्या बुडाल्या. फुटबॉल तिथेच सुटला, दुखणं सुटलं नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात गुडघ्याची वाटीच काढावी लागली. वाटी कप्पीसारखी असते : मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ तिच्यावरून नडगीकडे जाते. ती गेली की तोच पाय सरळ करायला स्नायूला जास्त जोर लावावा लागतो.

अशा पायावर १९५६ मध्ये त्याने ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४ धावा काढल्या. फॉरवर्डवाल्यांनी खरं तर ही खेळी टाकायची, पण मग वाटीबद्दलही लिहावं लागलं असतं.