साठने गुणणाऱ्यांनो, आधी चुंबकं मोजा

‘एका सेकंदात हॉल सेन्सरचे पल्स मोजा, ६० ने गुणा, आरपीएम हातात. टायमर, कॅप्चर ही कॉलेजवाल्यांची खुळं.’ मोटर मिनिटाला किती फेरे घेते (आरपीएम) ते चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरनं कसं मोजायचं, याबद्दलचा असा सहा मुद्द्यांचा एक फॉरवर्ड सध्या बेळगावातल्या रिपेअरिंगवाल्यांच्या आणि प्रोजेक्टवाल्या पोरांच्या ग्रुपांत फिरतोय. खाली कन्नडमध्येही उतरवलाय, म्हणजे चिकोडी-गोकाकपर्यंत सोय झाली. मी सोडून दिलं असतं. पण भाच्याचा फोन आला, ‘मामा, प्रोजेक्टची मोटर ६,९०० आरपीएम दाखवते. परत करू काय दुकानात?’

स्कूटरच्या चाकातली हब मोटर आहे ती. चाकाचा घेर १.३५ मीटरच्या आसपास. ६,९०० आरपीएम म्हणजे ताशी साडेपाचशे किलोमीटर. या वेगानं पोरगं पाऊण तासाच्या आत पुण्यात पोचेल. आकडा बघून कुणाला तरी हसू यायला हवं होतं, पण मेसेजवर ‘अनुभवी मेकॅनिककडून’ असं लिहिलेलं होतं ना!

घोळ पहिल्याच मुद्द्यात आहे. पल्स म्हणजे फेरा नव्हे. हॉल सेन्सर चाक मोजत नाही, समोरून जाणारं चुंबक बघतो. एक उत्तर आणि एक दक्षिण ध्रुव गेला की एक पूर्ण पल्स. अशा हब मोटरमध्ये सर्रास ४६ चुंबकं असतात, म्हणजे २३ जोड्या, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला एका हॉलचे २३ पल्स. भाच्याकडे सेकंदाला ११५ पल्स येत होते. ११५ गुणिले ६०, भागिले २३, उत्तर ३००. मोटर अगदी ठणठणीत, ३०० आरपीएमनं फिरत होती. मेसेजमध्ये भागाकारच नाही. त्यात कुणी हुशारी करून मोटरमधल्या तिन्ही हॉलच्या चढत्या-उतरत्या सगळ्या कडा (पल्स सुरू होतानाची एक, संपतानाची एक) मोजल्या, तर एका फेऱ्याला १३८ होतात आणि आकडा आणखी सहापट फुगतो.

जोड्या किती हे मोटरवर लिहिलेलं नसतं, मान्य. मग चाकावर खडूची रेघ मारा, फक्त हॉलला सप्लाय द्या आणि हातानं सावकाश एक फेरा फिरवून पल्स मोजा. एवढं केलं असतं तर तो मेसेज लिहिलाच गेला नसता.

‘आमच्याकडे बरोबर येतंय’ असं सांगणारे भेटतील. येत असेल. शाफ्टवर एकच चुंबक चिकटवलं असेल तर ६० चा गुणाकार बरोबरच आहे. पण तिथंही सेकंदभर मोजायची पद्धत किती कामाची ते वडगाव-खासबागेतल्या एखाद्या मागावर लावून बघा. साध्या मागाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला १२५ फेरे घेतोय समजा. सेकंदाला दोन पल्स, मधूनच तीन. मीटर दाखवणार १२०, मग एकदम १८०, परत १२०. माग एका लयीत चालू आणि आकड्याला उचकी लागलेली. मेसेजचा पुढचा मुद्दा तर असा, की आकडा उड्या मारत असेल तर हॉल गेला, मोटर बदला. एक तर हॉल गेलेला नाही. दुसरं म्हणजे, गेला तरी हॉल सुटा बदलता येतो, त्यासाठी अख्खी मोटर भंगारात कशाला घालायची?

टायमर लागतो तो इथं. पल्स किती आले हे मोजण्याऐवजी दोन पल्समध्ये वेळ किती गेला ते मोजायचं. ‘त्याला महागडी चिप लागते’ म्हणे! आर्डुइनो ऊनो या शिकाऊ बोर्डवरच्या एटमेगा ३२८पी या साध्या चिपमध्ये टायमर १ हा सोळा बिटचा टायमर आहे आणि त्याची इनपुट कॅप्चरची पिन बोर्डवर ८ नंबरला आहे. कड आली की हार्डवेअर त्या क्षणीचा काउंट स्वतःच बाजूच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यात, टिपून ठेवतं. प्रोसेसर दुसऱ्या कामात असला आणि जरा उशिरा बघायला आला, तरी टिपलेली वेळ बदलत नाही. फक्त पुढची कड यायच्या आत ती वाचायची, नाहीतर तिच्यावर नवी वेळ लिहिली जाते. चिपच्या डेटाशीटमधलं (माहितीपत्रकातलं) इनपुट कॅप्चरचं प्रकरण फुकट मिळतं आणि तासाभरात वाचून होतं. सलग चार सॅम्पल सारखे आल्याशिवाय कड न मानणारा, खोटे पल्स गाळणारा नॉइज कॅन्सलर त्याच टायमरमध्ये असतो, हेही तिथंच आहे. मोटरच्या वायरी शेजारून जाताना त्याचा उपयोग कळतो.

मागाचंच गणित पुढे नेतो, कारण अर्धवट वाचणारे इथंच आपटतात. बोर्डच्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ६४ चा प्रीस्केलर (६४ नं भागणारं सर्किट) लावला की एक टिक ४ मायक्रोसेकंदाचा. १२५ आरपीएमला एक फेरा ४८० मिलिसेकंदाचा, म्हणजे १,२०,००० टिक. पण सोळा बिटचा टायमर ६५,५३६ टिकनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. हा ओव्हरफ्लो मोजला नाही तर हातात उरतात ५४,४६४ टिक, आणि मीटर म्हणतं २७५ आरपीएम. मग माणूस टायमरला शिव्या घालत परत त्या मेसेजकडे जातो. ओव्हरफ्लोच्या इंटरप्टमध्ये (ओव्हरफ्लो झाला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) एक काउंटर वाढवा आणि प्रत्येक ओव्हरफ्लोचे ६५,५३६ मिळवा, विषय संपला.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करावी लागते. पल्स भरपूर असतील तर सेकंदभर मोजणंही चालतं. ११५ पल्समध्ये एकाची चूक म्हणजे एक टक्क्याच्याही आत. नुसता आकडा दाखवायचा असेल तर तेवढं पुरे. वेग बघून कंट्रोलर चालवायचा असेल तर सेकंदभर शिळा आकडा काय कामाचा?

आता सगळ्यात अचाट मुद्दा. ‘मोटर जोरात फिरली की हॉलचं व्होल्टेज वाढतं, म्हणून मल्टीमीटरनंही वेग कळतो.’ हे तांब्याच्या कॉइलबद्दल खरं आहे, हॉलबद्दल नाही. एडविन हॉलनं १८७९ मध्ये दाखवलेला परिणाम चुंबकीय क्षेत्र किती आहे यावर चालतो, ते किती भराभर बदलतंय यावर नाही. शिवाय मोटरमधला हॉल डिजिटल असतो, त्याला चालू आणि बंद एवढंच येतं. ५ व्होल्टच्या पुल-अपवर (लाइन वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टन्सवर) मल्टीमीटर अडीच व्होल्टच्या आसपास दाखवणार, चाक रमतगमत फिरो नाहीतर सुसाट. घरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि नुकसान करणारा मुद्दा हा: ‘सेन्सरला १२ व्होल्ट द्या, रेझिस्टन्सही १२ लाच ओढा.’ ए३१४४ सारखा हॉल साडेचार ते चोवीस व्होल्टवर चालतो, त्यामुळे सप्लायपुरतं ठीक. पण त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं. ते लाइन फक्त खाली ग्राउंडला ओढतं, वर किती जाईल ते रेझिस्टन्स कुठं जोडलाय त्यावर. तो बोर्डच्या ५ व्होल्टलाच जोडायचा, ४.७ के चा घेतला तरी चालतो. एटमेगाची पिन व्हीसीसीच्या, म्हणजे चिपच्या सप्लायच्या, वर अर्धाच व्होल्ट सहन करते. रेझिस्टन्स मोठा असला तर बोर्ड काही दिवस तग धरेल, मग जाईल, आणि खापर चायना मालावर फुटेल. बाहेरचा रेझिस्टन्स न लावता एटमेगाच्या आतल्या पुल-अपवरही काम होतं, पण टेबलावर, वीतभर वायरीला.

शेवटचा मुद्दा, ‘मोटर थांबली तरी टायमर जुनाच वेग दाखवत बसतो.’ दाखवतो. नवी कड आलीच नाही तर नवी वेळ कुठून येणार? ठरावीक वेळ कड आली नाही की आकडा शून्य करायचा, एवढी एक अट लिहायची राहिलेली असते. ओव्हरफ्लो आधीच मोजत असाल तर ती अट त्याच इंटरप्टमध्ये एका ओळीत बसते.