दारं उघडी टाकून झोपायचे म्हणे

आज सकाळी घरच्या ग्रुपवर मामाने फॉरवर्ड टाकलाय. 'पोर्तुगीज काळातला गोवा. चोऱ्या नाहीत, लाच नाही, लोक दारं उघडी टाकून झोपायचे. सालाझारसारखा एक माणूस आज हवा.' सालाझार म्हणजे तेव्हाचा पोर्तुगालचा हुकूमशहा. खाली अकरा अंगठे आणि एका वहिनीचे जोडलेले हात.

मामा, तू १९५८ चा. १९६१ ला गोव्याची मुक्ती झाली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि अंगणात उघडाबंब फिरायचास, हे आजीनेच सांगितलंय. तुला रे कुठली शिस्त आठवते?

ग्रुपवर भांडलं की आईचा रक्तदाब वाढतो, म्हणून इथे लिहितेय. मामा फेसबुकवर नाही.

आमच्या फोंड्याच्या घरी, माळ्यावर आजीचा एक पेटारा आहे. त्यात आजी-आजोबांची लग्नपत्रिका आहे, मे १९५५ ची. छापील पत्रिका आहेच, पण तिच्याबरोबर आजोबांनी हाताने लिहिलेला मसुदाही आहे. त्यावर जांभळ्या शाईचा शिक्का : व्हिझादु पेला सेन्सुरा. म्हणजे सेन्सॉरने पाहिलं, पास केलं. लग्नाची पत्रिका! कुलदेवतेच्या कृपेने आमचे येथे अमुक तमुक, यात साम्राज्य उलथवण्यासारखं काय असतं? पण छापायचं म्हटलं की आधी तिकडे न्यायचं. आणि या मसुद्यात एक अख्खी ओळ जाड शाईने खोडलेली आहे. इतकी जाड की कागद मागून फुगलाय. लहानपणी चवथीला सगळी भावंडं जमली की आम्ही तो कागद काढायचो आणि उजेडासमोर धरून खालचं अक्षर ओळखायचा खेळ खेळायचो. कधीच लागलं नाही. शाळेत मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आमच्या आजोबांची पत्रिकासुद्धा पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, खोडली होती.

तर दारं उघडी होती. असतीलही. चोरायला घरात होतं काय, हा प्रश्न वेगळा.

गेल्या आठवड्यात पणजीला मिनेझिस ब्रागांझामध्ये एका प्रदर्शनाला गेले होते. बाहेर एक कॉलेजची मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, 'अगं, तो ब्रागांझा हॉल नाही का, तिथे ये.' माणसाचा हॉल झाला. दोष तिचा नाही, आम्ही तिला कधी सांगितलंय? आत शिरताना भिंतीवर निळ्या फरशांची चित्रं आहेत, वास्को द गामाची गलबतं, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले देखावे. मूळची ती इन्स्टिट्यूट वास्को द गामाच्याच नावाची, मुक्तीनंतर हे नाव मिळालं. नाव याचं आणि भिंती त्याच्या! दर वेळी तिथून जाताना मला हसू येतं आणि मग येत नाही.

लुईश द मिनेझिस ब्रागांझा, जन्म १८७८, गाव चांदर. १९०० साली 'ओ हेराल्दो' निघाला, गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक, त्याच्या उभारणीत हा बावीस वर्षांचा पोरगा होता. १९११ मध्ये स्वतःचं 'ओ देबात' काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी पोर्तुगालमध्ये राजा गेला होता, रिपब्लिक आलं होतं आणि आम्हा हिंदूंना कायद्यात पहिल्यांदा बरोबरीची जागा मिळाली होती. या माणसाने त्या रिपब्लिकवर जीव लावला. मग १९२६ ला लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, सालाझार आधी अर्थमंत्री झाला, आणि १९३० मध्ये वसाहतींचं खातंही काही काळ त्याच्याच हाती असताना आला आक्तु कोलोनियाल, म्हणजे वसाहतींचा कायदा. त्यात लिहिलं होतं की परमुलूख ताब्यात ठेवणं, तिथे वसाहत करणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं 'मूलभूत सत्त्व' आहे. म्हणजे आम्हाला सुसंस्कृत करणार. आम्हाला!

जुलै १९३० मध्ये पणजीच्या कौन्सिलात, म्हणजे तिथल्या विधिमंडळात, हा माणूस उभा राहिला. आजूबाजूला सरकारी अधिकारी, सरकारने नेमलेले सभासद, लिस्बनला हुकूमशाही. आणि त्याने ठराव मांडला की आपलं भवितव्य आपण ठरवण्याइतकं मोठं होण्याचा प्रत्येक समाजाचा जो हक्क आहे, तो पोर्तुगीज इंडिया सोडत नाही, कारण तो हक्क तिच्या मूलभूत सत्त्वातलाच आहे. शब्द बघा. त्यांचाच शब्द उचलून त्यांच्याच टेबलावर परत ठेवला. माझ्या अंगावर आत्ता टाईप करतानाही काटा येतोय.

आता कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच लिहून टाकते. हो, तो भाटकार होता, म्हणजे जमीनदार. हो, चांदरचं घर राजवाड्याएवढं आहे. हो, लिहायचा पोर्तुगीजमध्ये, जी आमच्या आजोबांसारख्या मराठी शाळेत शिकलेल्यांना वाचता येत नव्हती. झालं?

पण मग त्याला गप्प बसायला काय हरकत होती? पोटाला कमी नव्हतं. घरात पुस्तकांचा एवढा मोठा संग्रह होता, वाचत बसायचं. आज पर्यटक त्या घरात जातात, झुंबरांचे आणि खुर्च्यांचे फोटो काढतात आणि बाहेर येऊन शहाळं पितात. १९३० चं कुणी विचारत नाही.

आणि आमचे आजचे विरोधी पक्षवाले! २०१९ ला एका फटक्यात दहा आमदार सत्ताधारी पक्षात गेले, २०२२ ला आठ. त्या आठांच्या पक्षाने तर निवडणुकीआधी उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या होत्या. ना सेन्सॉर, ना आग्वादच्या तुरुंगाची कोठडी दाखवणारा कुणी. बाहेरच्या बाजारात कांद्याला सुद्धा भाव ठरवायला जास्त वेळ लागतो. जाऊ दे, याच्यावर लिहायला बसले तर स्वयंपाक राहील.

ठरावानंतर पुढे काय झालं? काही नाही झालं. कायदा लागू झालाच. १९३३ ला सालाझारची घटना आली, सेन्सॉरचा फास आवळत गेला, आणि १० जुलै १९३८ ला हा माणूस गेला. आठ वर्षं. गोळी नाही, फाशी नाही, त्यामुळे पोवाडा नाही. लिहिणाऱ्या माणसाला लिहू न देता ठेवलं की तो कसा संपत असेल, याचं चित्र शाळेच्या पुस्तकात काढता येत नाही. त्याचा मेव्हणा त्रिश्तांव द ब्रागांझा कुन्हा पुढे उभा राहिला. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलले, जुलैत कुन्हांना पकडलं, लष्करी कोर्टाने आठ वर्षं ठोठावली आणि पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. पणजीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढंच आम्हाला माहीत.

हे सगळं मी दुपारी रागारागाने लिहिलं होतं, आणि शेवटी मामाला तो खोडलेला कागद दाखवून विचारणार होते की ही बघ तुझी शिस्त. फोटो हवा म्हणून आईला फोन केला.

आई म्हणाली, 'ते सेन्सॉरने नाही खोडलेलं.'

मी म्हटलं, म्हणजे?

'शाई बघ ना. शिक्का जांभळा आहे. खोडलंय ते निळ्या शाईने, बाबांच्याच टाकाने. आईने मला सांगितलं होतं.'

खोडलेल्या ओळीत थोरल्या आजोबांचं नाव होतं. पणजोबा आधीच गेलेले, म्हणून निमंत्रक म्हणून थोरल्या भावाचं नाव हवं. थोरले आजोबा १९५४ च्या सत्याग्रहात पकडले गेले होते, लग्नाच्या वेळी आत होते. आजोबांनी आधी नाव लिहिलं. मग मसुदा न्यायच्या आदल्या रात्री चिमणीच्या उजेडात बसून स्वतःच गिरवून गिरवून खोडलं. सेन्सॉरने कशालाही हात लावला नाही. शिक्का मारून दिला.

थोरले आजोबा सुटून आल्यावर त्याच घरात राहिले, शेवटपर्यंत. मी त्यांच्या मांडीवर बसून पेज खाल्लीय. त्यांनी ती पत्रिका पाहिली होती का, हे आईलाही ठाऊक नाही.

मला आजोबांचा राग येत नाही. यायला हवा होता का, तेही कळत नाही. त्यांचं लग्न होतं. त्यांचं वय चोवीस होतं.

मामाला अजून काही लिहिलेलं नाही. त्याला हे माहीत नसणार, आईने त्याला कधी सांगितलं नाही म्हणते. संध्याकाळी तिने दोन्ही फोटो पाठवले. मसुदा मी पाठ केल्यासारखा ओळखते, पण छापील पत्रिका आज पहिल्यांदा नीट बघितली. निमंत्रक म्हणून एका लांबच्या काकांचं नाव आहे. छापखान्याने वरच्या-खालच्या ओळी छान सारख्या बसवल्यात. कुठे जागा सुटलीय असं अजिबात दिसत नाही.